फेरखटला कधी थांबवावा? कळमन्यातल्या एका खुनाचं प्रकरण

नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात तुरीचा हंगाम जोरात होता. काट्यावर गाडी लावायच्या नंबरावरून पहाटे एक टेम्पोचालक आणि हमालांची टोळी यांच्यात जुंपली. पाच-सात मिनिटांची झटापट झाली आणि पोती ओढायचा लोखंडी आकडा एका हमालाच्या पोटात गेला. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेलाच. टेम्पोचालक २६ वर्षांचा होता. मरण पावलेला हमाल ३४ वर्षांचा, मागे बायको आणि दोन लेकरं. त्याच दिवशी अटक झाली, ९० दिवसांच्या आत दोषारोपपत्र दाखल झालं. कलम ३०२, म्हणजे खून.

हे प्रकरण मी ज्युनिअर वकिलांच्या अभ्यासासाठी बांधलेलं आहे. माणसं, तारखा, रोजनामा (न्यायालयातल्या रोजच्या कामाची नोंद) कुठल्याही एका खऱ्या फाइलमधून उचललेले नाहीत. कायदा आणि निवाडे मात्र खरे आहेत. फौजदारी काम करणाऱ्या कुणालाही यातली प्रत्येक अडचण ओळखीची वाटेल, कारण त्या सगळ्या निरनिराळ्या फाइलींमध्ये मी पाहिल्या आहेत. इथे त्या एका माणसाच्या वाट्याला दिल्या आहेत.

पहिला खटला

घटना पाहणारे तीन साक्षीदार होते. एक चहावाला, तो फितूर झाला. दुसरा छिंदवाड्याकडून हंगामापुरता आलेला मजूर. त्याने फक्त पळापळ पाहिल्याचं सांगितलं. तिसरा त्याच टोळीतला हमाल. आकडा आरोपीच्या हातात होता आणि त्याने तो मारला, असं त्याने शपथेवर सांगितलं. सगळा खटला या एका माणसावर उभा होता.

त्याची साक्ष झाली त्या दिवशी आरोपीचा खासगी वकील आला नाही. फी थकली होती. न्यायालयाने तिथेच हजर असलेल्या एका वकिलाला विधी सेवेतून, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीतून, नेमलं. त्यांनी फाइल वाचायला वेळ मागितला. साक्षीदार चौथ्यांदा आलाय, त्याला परत पाठवता येणार नाही, या कारणाने तो नाकारला गेला. सरतपासणी, म्हणजे सरकारी वकिलांनी घेतलेली साक्ष, पूर्ण झाली आणि खाली नोंद पडली: ‘उलटतपासणी नाही. संधी दिली.’ नंतर साक्षीदाराला परत बोलावण्याचा अर्ज केला, तोही फेटाळला.

आरोपीचं म्हणणं असं होतं की आकडा हमालांचाच होता, ओढाताणीत तो नेमका कुणाच्या हातात होता ते सांगता येत नाही, आणि मृत माणूस त्यावर पडला. हे खरं होतं की खोटं, मला माहीत नाही. पण ज्या एका माणसाला हे विचारायला हवं होतं त्याला कुणी विचारलंच नाही. खून, सदोष मनुष्यवध की अपघात, हा फरक त्या न विचारलेल्या आठ-दहा प्रश्नांत होता.

घटनेनंतर पाच वर्षांनी जन्मठेप झाली. आरोपी तोवर तुरुंगातच होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अपील दाखल झालं. तीन वर्षांनी शिक्षा स्थगित होऊन जामीन मिळाला, म्हणजे एकूण आठ वर्षांची कैद. आणखी तीन वर्षांनी अपिलाचा निकाल लागला: दोषसिद्धी रद्द, बचावाची खरी संधी मिळाली नाही म्हणून खटला नव्याने चालवावा, सहा महिन्यांत संपवावा. घटनेला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

हा आदेश तेव्हा बरोबर होता, असं माझं मत आहे. साक्षीदार हयात होता, नागपुरातच होता. दोष न्यायालयाच्या कार्यवाहीत होता आणि तो दुरुस्त करता येण्यासारखा होता. गुन्हा माणूस मेल्याचा होता. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३८६ (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४२७) अपिलाच्या न्यायालयाला हा अधिकार देतं. उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६३ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने तो अपवाद म्हणूनच वापरायला सांगितला. खटला मुळातच सदोष झाला असेल तर फेरखटला. सरकार पक्षाने जो पुरावा आणायला हवा होता तो आणण्याची दुसरी संधी द्यायची म्हणून नाही. आपल्या प्रकरणात सरकार पक्षाची पोकळी भरायची नव्हती, आरोपीची भरायची होती.

एकेचाळीस पेश्या

त्यानंतर चार वर्षं गेली. आरोपीने उच्च न्यायालयात अर्ज केला की हा फेरखटला आता रद्द करा. त्याचं वय ४१.

असल्या अर्जावर दोन्ही बाजू पहिल्या दिवशी वर्षं मोजतात. आरोपीचा वकील म्हणतो पंधरा वर्षं. सरकारी वकील म्हणतात, गुन्हा खुनाचा आहे. दोघांचंही खरं असतं आणि दोघांच्याही बोलण्याने पुढे काही सरकत नाही. माझ्या ज्युनिअरांना मी एकच सांगतो: रोजनामा उघडा आणि प्रत्येक पेशीपुढे, म्हणजे सुनावणीच्या तारखेपुढे, लिहा, ही कुणामुळे गेली.

इथे ४१ पेश्या झाल्या. १२ पेश्या उच्च न्यायालयातून मूळ रेकॉर्ड आलं नाही म्हणून, त्यात नऊ महिने गेले. ११ पेश्या न्यायाधीशांची बदली झाली, जागा रिकामी होती आणि प्रभारी न्यायालय फक्त पुढची तारीख देत होतं म्हणून. ९ पेश्या समन्स तामील न होता परत आले म्हणून. छिंदवाड्याच्या मजुरावर तर प्रत्येक वेळी ‘पत्त्यावर मिळून येत नाही’ हाच शेरा. ५ पेश्या आरोपीच्या बाजूने घेतल्या. दोनदा तो आजारी होता, तीनदा वकील दुसऱ्या न्यायालयात अडकले होते. उरलेल्या ४ पेश्यांना प्रत्यक्ष काम झालं: एक पंच, एक हवालदार, शवविच्छेदन करणारे निवृत्त डॉक्टर आणि तपास अधिकाऱ्याची अर्धी साक्ष.

तिसऱ्या वर्षी तो हमाल, तोच एक साक्षीदार, आजाराने वारला. पहिली दोन वर्षं तो कळमन्यातच पोती वाहत होता. बाजारापासून न्यायालयापर्यंत ऑटोने अर्ध्या तासाचं अंतर. त्याला एकदाही समन्स गेला नाही, कारण रेकॉर्ड आलं नव्हतं, मग न्यायाधीश नव्हते.

आकडाही नाही. पहिल्या निकालात नेहमीचं वाक्य होतं की मुद्देमाल निरुपयोगी असल्याने अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा. अपील चालू आहे याची नोंद मालखान्यापर्यंत पोचली नाही, आणि आकडा भंगारात गेला.

कायदा काय म्हणतो

जलद खटल्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधून, म्हणजे जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्कातून, येतो, हे १९७९ पासून, बिहारमधल्या कच्च्या कैद्यांच्या हुसैनारा खातून प्रकरणापासून, स्थिर आहे. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने डिसेंबर १९९१ मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली. तिच्यातला एक शब्द घाईत वाचताना निसटतो. हा हक्क तपास, चौकशी, खटला, अपील, पुनरीक्षण आणि फेरखटला अशा प्रत्येक टप्प्याला आहे, असं तिथे लिहिलं आहे. फेरखटल्याचं नाव वेगळं घेतलं आहे. आरोपीने लवकर खटला चालवा अशी मागणी केली नाही म्हणून त्याचा हक्क बुडत नाही, हेही त्याच निवाड्यात आहे. सरकार पक्षाचं पहिलं उत्तर बहुतेक वेळा तेच असतं, म्हणून हा भाग पाठ असू द्या.

मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयानेच काही निवाड्यांतून वर्षांच्या मर्यादा घालून दिल्या होत्या. इतकी वर्षं झाली की खटला बंद. २००२ मध्ये पी. रामचंद्र राव प्रकरणात सात न्यायाधीशांनी त्या काढून टाकल्या. कॅलेंडर पाहून खटला संपवता येणार नाही, प्रत्येक प्रकरण अंतुले निवाड्यातल्या कसोट्यांवर तपासा, असं सांगितलं. त्यामुळे ‘पंधरा वर्षं झाली’ एवढ्यावर आपला अर्ज टिकत नाही, आणि टिकूही नये. वर्षांवर खटले मरू लागले तर पैसेवाला आरोपी वर्षंच विकत घेईल.

मग काय पाहायचं? इथे नागपूरच्या माणसाला एक जुना निवाडा जवळचा वाटावा. न्या. विवियन बोस १९४९ ते १९५१ या काळात नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. सिव्हिल लाइन्समधल्या ज्या दगडी इमारतीत आज आपण खंडपीठापुढे उभे राहतो, तिथेच ते बसत. पुढे ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५५ मध्ये मचंदर विरुद्ध हैदराबाद राज्य हा निवाडा त्यांनी लिहिला. खुनाचा आरोप, फाशीची शिक्षा. आरोपीविरुद्धच्या महत्त्वाच्या मुद्द्यांवर सत्र न्यायाधीशांनी त्याला नीट प्रश्नच विचारले नव्हते. एरवी प्रकरण खाली पाठवून दुरुस्ती करता आली असती. पण अटकेला साडेचार वर्षं होऊन गेली होती. न्यायाधीशांनी आपलं काम केलं नाही म्हणून जिवावर बेतलेल्या माणसाला अनिश्चित काळ टांगून ठेवायला आम्ही तयार नाही, असं न्या. बोस यांनी लिहिलं आणि प्रकरण परत पाठवायला नकार दिला. अपराधी सुटू नयेत हे पाहणं आमचं काम आहेच, पण आरोपीचा अखंड छळ होऊ नये हे त्याहून गरजेचं आहे, असा त्यांचा सूर होता.

साडेचार वर्षं! आज हा आकडा वाचून ज्युनिअर मंडळी चमकतात. आपल्या प्रकरणात नुसता फेरखटलाच चार वर्षं रखडलाय.

तो विचार जुना झाला असं कुणी म्हणू नये. २०२३ मध्ये राज कुमार विरुद्ध दिल्ली राज्य या प्रकरणात न्या. अभय ओक यांच्या पीठापुढे तसाच दोष होता: पुराव्यातली महत्त्वाची गोष्ट आरोपीच्या जबाबात त्याच्यापुढे ठेवलीच नव्हती. घटना १९९५ ची. इतक्या वर्षांनी ही चूक सुधारायला आरोपीला परत खाली पाठवणं न्यायाचं होणार नाही, असं म्हणून त्याला सोडलं.

सरकार पक्षाचा सगळ्यात बळकट आधार वेगळा आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. मोहम्मद हुसैन विरुद्ध दिल्ली, २०१२. १९९७ मध्ये दिल्लीत बसमध्ये स्फोट झाला, माणसं मेली. फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीविरुद्धचे बहुतेक साक्षीदार त्याला वकील नसताना तपासले गेले होते. आधी दोन न्यायाधीशांत मतभेद झाला. दोषसिद्धी टिकत नाही यावर दोघांचं एकमत. पण एकाने फेरखटला म्हटलं आणि दुसऱ्याने आता सोडा म्हटलं. तीन न्यायाधीशांच्या पीठाने फेरखटल्याच्या बाजूने कौल दिला आणि शक्यतो तीन महिन्यांत संपवायला सांगितलं. गुन्हा गंभीर, समाजाचंही न्यायावर देणं आहे, आणि फेरखटला म्हणजे दुसरा खटला नसून पहिल्याचाच पुढचा भाग, ही त्यामागची भूमिका. घटनेला तेव्हा जवळपास पंधरा वर्षं झाली होती. आपल्याइतकीच.

म्हणजे वर्षं सारखी, गुन्हा गंभीर, दोषही जवळपास तोच. तरी कळमन्याचा खटला थांबवावा, असं मला वाटतं. कारण मोहम्मद हुसैन प्रकरणात प्रश्न होता फेरखटला सुरू करायचा का. आपला प्रश्न त्यानंतरचा आहे: फेरखटल्याची संधी दिली, ती वापरली गेली नाही, आता पुढे काय? तिथे सर्वोच्च न्यायालयाने तीन महिने दिले होते. आपल्या खंडपीठाने सहा महिने दिले, आणि लागली चार वर्षं.

नेमका हा टप्पा जमैकाच्या एका प्रकरणात आला होता. त्याचं बंधन आपल्यावर नाही, पण तर्क कामाचा आहे. बेल नावाच्या आरोपीला १९७७ मध्ये जन्मठेप झाली. १९७९ मध्ये ती रद्द होऊन फेरखटल्याचा आदेश झाला. १९८१ संपत आलं तरी साक्षीदार मिळाले नाहीत म्हणून त्याला सोडलं, आणि पुढच्या वर्षी परत अटक केली. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे जमैकाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १९८५ मध्ये ठरवलं की त्याच्या वाजवी काळात खटला चालण्याच्या हक्काचा भंग झाला. विलंब किती, कारण काय, आरोपीने हक्क सांगितला का आणि त्याचं नुकसान काय झालं, या चार अंगांनी त्यांनी तपासलं. फेरखटल्याच्या आदेशानंतर गेलेला काळ वेगळा मोजायचा, कारण तोवर माणूस एकदा सगळ्यातून गेलेला असतो. हीच गोष्ट मला आपल्या न्यायालयांपुढे आग्रहाने मांडावीशी वाटते.

दुरुस्त काय करायचं होतं?

फेरखटल्याच्या आदेशात एक विशिष्ट दुरुस्ती असते. आपल्या आदेशातली दुरुस्ती एका ओळीची होती: त्या हमालाची उलटतपासणी. म्हणून असा अर्ज आल्यावर न्यायालयाने विचारावं, ती दुरुस्ती आज शक्य आहे का.

सरकारी वकील म्हणतील, साक्षीदार वारला तर त्याची जुनी साक्ष वाचता येते. बरोबर, पुरावा कायद्याचं कलम ३३ (आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं २७) तशी सोय देतं. पण त्याच कलमात अट आहे: विरुद्ध पक्षाला पहिल्या वेळी उलटतपासणीचा हक्क आणि संधी मिळालेली असली पाहिजे. संधी मिळाली नव्हती, म्हणूनच तर उच्च न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली होती! ती साक्ष आता वाचली, तर ज्या चुकीसाठी खटला परत उभा केला तीच चूक दुसऱ्यांदा, या वेळी कायमची, निकालात बसेल. ती वाचली नाही, तर उरतात पंच, हवालदार, डॉक्टर आणि फितूर झालेला चहावाला. त्यांच्यापैकी आकडा कुणाच्या हातात होता हे सांगणारा एकही नाही. आकडाही नाही.

‘मग चालू द्या ना, पुरावा नसेल तर सुटेलच,’ असं एक हुशार ज्युनिअर मला म्हणाला. यात एक गोष्ट विसरली जाते. सुटेपर्यंतच्या पेश्या फुकट नसतात. तो माणूस आता टेम्पो चालवत नाही. खुनाचा खटला चालू असलेल्या माणसाला गाडी कोण देणार? आठ वर्षं तो आत होता. प्रत्येक पेशीला एक दिवसाची मजुरी जाते. ज्या खटल्यातून काही निष्पन्न होणार नाही हे आजच दिसतंय, तो चालू ठेवणं म्हणजे निकालाशिवायची शिक्षा.

उलट बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. चारपैकी तीन वर्षं आरोपीनेच तारखा घेतल्या असत्या, किंवा तो फरार झाला असता, तर मी हा अर्ज फेटाळायला सांगितलं असतं, साक्षीदार वारला असता तरीही. पुरावा कागदावरचा असता, म्हणजे लाचेच्या किंवा अफरातफरीच्या खटल्यासारखा, तर काळाने तो फारसा खाल्ला नसता. तिथे रोजच्या रोज सुनावणी आणि पक्की मुदत हाच उपाय. आणि पहिला खटला साक्षीदारांना धमकावून, तपास पोखरून संपवलेला असेल, तर विलंबाचा फायदा आरोपीला देणं धोक्याचं आहे. बडोद्याच्या बेस्ट बेकरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेरखटला महाराष्ट्रात चालवायला लावला. मुंबईत तो चालला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये नऊ जणांना शिक्षा झाली. दोन वर्षांत! मनावर घेतलं तर होतं.

तिची बाजू

या सगळ्यात मृत हमालाची बायको मागच्या बाकावर बसलेली आहे. पहिल्या खटल्यात ती बहुतेक पेश्यांना आली, फेरखटल्यातही येते. धान्याच्या गोदामात पाखडायचं काम करते. एका पेशीनंतर तिने सरकारी वकिलांना विचारलं, “साहेब, माह्या नवऱ्याले कोनी मारलं हे कोर्टाले अजून मालूम नाही का जी?”

या प्रश्नाला कायद्याकडे चांगलं उत्तर नाही. जे आहे ते तरी तिला द्यावं. फेरखटला थांबवला म्हणजे आरोपी निष्पाप ठरला असं नव्हे, आणि तिचं दुःख खोटं ठरलं असंही नव्हे. पीडितांच्या भरपाईसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३५७अ (आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३९६) आहे. आरोपी सुटला तरी भरपाईची शिफारस न्यायालय करू शकतं, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने रक्कम ठरवायची असते. पंधरा वर्षांत तिला याबद्दल कुणी एक अर्जही लिहून दिला नाही. सरकार पक्षानेही नाही, न्यायालयानेही नाही. आरोपीचा वकील म्हणून मी तिच्या विरुद्ध बाजूला उभा राहीन, पण हा अर्ज राहून जाणं मला या प्रकरणातली सगळ्यात मोठी लाज वाटते.

आदेश कसा असावा

असा आदेश मी लिहिला असता, तर त्यात आधी पेशीवार हिशेब असता: ४१ पैकी ५ आरोपीच्या, ३२ यंत्रणेच्या, ४ कामाच्या. मग लिहिलं असतं की फेरखटला ज्या उलटतपासणीसाठी होता ती आता होऊ शकत नाही, आणि साक्षीदार हयात असताना ती न होण्याला आरोपी जबाबदार नाही. पूर्वीच्या खंडपीठाचा आदेश यात बदलला जात नाही. तो तेव्हाच्या परिस्थितीवर होता. साक्षीदाराचं मरण आणि मुद्देमालाचा नाश नंतर पुढे आला, आणि अनुच्छेद २१ चा हक्क पहिल्या आदेशाबरोबर संपत नाही. म्हणून कार्यवाही रद्द, जामीनपत्रं मोकळी.

त्याखाली दोन निर्देश प्रशासनाला. फेरखटल्याचा आदेश झाला की मूळ रेकॉर्ड ठरावीक दिवसांत खाली जावं आणि ते गेल्याची नोंद निबंधकांनी ठेवावी. आणि अपील प्रलंबित आहे का, याची लेखी खात्री झाल्याशिवाय मालखान्यातून मुद्देमाल नष्ट होऊ नये. हे दोन निर्देश वेळीच पाळले गेले असते, तर आज हा अर्जच आला नसता. साक्षीदाराची उलटतपासणी होऊन निकाल एका बाजूने लागलाही असता.

आणि शेवटचं कलम तिच्यासाठी. भरपाईची शिफारस, प्राधिकरणाने दोन महिन्यांत निर्णय द्यावा, आणि या आदेशाची मराठीतली प्रत तिच्या घरी पोचवून, खटला का थांबला हे प्राधिकरणाच्या वकिलाने तिला समोर बसून समजावून सांगावं.